कूलरसमोरचा मान

अमडापूर
९ एप्रिल २००७

छकुले,

राग गेला म्हून लिहून राह्यली असं समजू नको. राग जिथल्या तिथं हाये. फोन तू उचलत नाहीस, अन् उचलला तं आई पहिलं काय बोलते ते तुले माहीत हाये. म्हून पत्र. पत्र मधातून ठेवून देता येत नाही.

परवा चिखलीले गेली तं बसस्टँडापाशी बशीरमियाची अंजुम भेटली, तुह्या वर्गातली. तिनं आता नेट कॅफे टाकला. तुह्यं अन् तिचं कॉम्प्युटरवर बोलणं चालते, हे मले त्या दिवशी समजलं. इथं माय दोन वर्षांपासून पोस्टमनची सायकल पाहून राह्यली अन् पोरगी अंजुमले सांगते का आज मेथी केली. बरं.

तिनं सांगतलं का तुहा गोकुळ तिकडं मस्कतले दवाखान्यात होता. ज्या हॉटेलात तो एसीच्या मशिनी पाह्यते, तिथल्याच पाण्यातून त्याले फुप्फुसाचा रोग झाला. अंजुमनं नाव कागदावर लिहून देल्लं: लीजनेअर्स. म्हणे कोमट पाणी साचून राह्यलं का त्यात जंतू होतात, त्या पाण्याचे बारीक थेंब हवेत उडाले का श्वासासंगं छातीत जातात, अन् निमोनिया होते. एकाचा दुसऱ्याले लागत नाही. म्हाताऱ्याले अन् बिड्या फुकणाऱ्याले लवकर धरते. तो आता बरा हाये हे ऐकून मले बरं वाटलं. हे त्याले सांगायची गरज नाही.

आता कंपनी म्हणते का ते हॉटेल बंद, तू स्पेनले जा नाही तं सिंगापूरले जा. अन् तू म्हणतेस का जिथं हा रोग कमी तिथं जाऊ, नाही तं सरळ घरी येऊ अन् चिखलीत कूलर-एसी दुरुस्तीचं दुकान टाकू. हे शेवटचं अंजुमनं मले दोनदा सांगतलं. दुसऱ्यांदा मीच सांगाले लावलं.

तं ही चौकशी मी करते. हसू नको. अमडापूरपासून लोणारपर्यंत माह्या चौकशीबिगर कोण्या घरची सोयरीक पक्की झाली ते सांग. शेळी पाहाले आली म्हून गावात शिराव, न्हाव्यापाशी थांबाव, गिरणीत दळणाच्या रांगेत बसाव, अन् शेवटी त्या घरी जाऊन पाणी मागाव. घर ओसरीवर नाही समजत, रांजणाच्या बुडाशी समजते. अन् माहा एक नियम तुलेबी माहीत हाये. ज्या घराबद्दल गावात कोणीच वाईट बोलत नाही, तिथं पोरगी देऊ नये. एक तं लोक बोलाले भेतात, नाही तं त्या घरी कोणी जातच नाही.

सुलतानपूरले गोकुळची चौकशी मीच केलती. न्हावी म्हणे उद्धट हाये. गिरणीवाला म्हणे बारावीत दोनदा आपटला. मास्तर म्हणे शाळेचा पंखा खोलला अन् तीन पात्यांचे दोनच लावले. शेजारीण म्हणे दुधाच्या सायकलीसंगं विहिरीत पडला, दूधबी गेलं. एका माणसाबद्दल इतकं वाईट मी जन्मात ऐकलं नव्हतं, म्हून नाही म्हटलं. अन् तू अकोल्याले जाऊन सही करून लग्न लावलं.

जाऊ दे. दोन देश म्हणजे काही फार नाही. मी एका दिवसात तीन गावं केली हायेत.

तुही आई
जनकाबाई


अमडापूर
२३ एप्रिल २००७

छकुले,

चौकशी झाली. पाय न दुखता झालेली ही माही पहिलीच चौकशी.

अंजुमच्या दुकानात मी खुर्ची ओढून बसली. ती वाचे अन् मराठीत सांगे, मी मधात मधात विचारो. बाई, काय ते देश. स्पेनात वर्षाले हजाराच्या वर लोकांले हा रोग होते. इटली तशीच, फ्रान्स तसंच. फ्रान्सात एका कारखान्याच्या पाण्याच्या मनोऱ्यातून तुषार उडाले तं कोसा-दोन कोसांवरचे लोक आजारी. हॉलंडात लोक फुलं पाहाले प्रदर्शनात गेले अन् दवाखान्यात पडले. आता सांग, फुलं पाहाले जाऊन माणूस मरते अशा ठिकाणी माह्या तान्ह्या नातवाले नेतेस का? अन् हे सगळं सुरू झालं अमेरिकेतून. तिथले रिटायर शिपाई एका हॉटेलात जमले, एसी लावून बसले, अन् धडाधड पडले. त्यांच्यावरूनच रोगाचं नाव पडलं. लढाईत वाचले अन् एसीनं गेले.

सिंगापूरचं थोडं बरं हाये, पण त्यांचंबी नाव हायेच. चारचौघात नाव निघालं ते निघालं.

आता आपलं ऐक. अंजुमनं रोग निघालेल्या देशांची यादी वरून खाली पाह्यली, मग खालून वर पाह्यली. हिंदुस्थानचं नावच नाही. स्पेन, इटली, फ्रान्स, मोठमोठी घराणी, सगळी बदनाम, अन् आपल्यावर एक डाग नाही. अंजुम म्हणे, "मावशी, पर नाव नाही याचा मतलब असा बी होते का..." तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगची वेळ झालती. मी म्हटलं राहू दे, मतलब मले समजला.

म्हून सांगते, घरी या. दुकानासाठी मी जागाबी पाहून ठेवली हाये, अंजुमच्या बाजूचाच गाळा. मालकाले सांगतलं का कोणाले देऊ नको.

इकडचं म्हणशील तं कापूस अजून घरातच हाये, भाव नाही. झोपाच्या खोलीत गंजी लावली तं तुह्या बाबाले रात्रभर खाज सुटते. काल पारावर बियाण्याच्या कंपनीचा माणूस आलता. कडक इस्त्री, पायात बूट. म्हणे यंदाबी बीटीच लावा. तुहे बाबा उठले, म्हणे मागच्या साली तुमच्याच बीटीची पानं लाल पडली, बोंडं चिंचोक्याएवढी राह्यली, त्याचं काय? तो हसून म्हणे, "काका, तुमच्या तालुक्यातून आमच्याकडं एकही तक्रार नाही."

मी पाणी घेऊन चाल्लती. कळशी तिथंच उतरवली अन् म्हटलं, तक्रार कशी येईन बापू? तुमचा माणूस म्हणते पाकीट आणा, बिल आणा, मंग लिहितो. पाकिटं गेली चुलीत. लिहिलं नाही म्हून झालंच नाही का? तुमच्या वहीत नाही म्हून आमच्या वावरात नाही? सगळा पार हसला. तो चहा न घेताच गाडीवर बसला. असे लोक असतात, छकुले. लिहायचंच नाही अन् मंग म्हणायचं काही नाही.

तं तू ये. आपल्याकडं तो रोग नाही, नावबी नाही.

आई


अमडापूर
८ मे २००७

छकुले,

तुह्यं पत्र आलं. दोन वर्षांनंतर चार ओळी, त्यातली एक नातवाले दात आल्याची. ती मी जपून ठेवली. बाकीच्या तिनाचं उत्तर देते.

तू लिहितेस, "आई, स्पेनात सापडतात कारण तिथं शोधतात. आपल्याकडं शोधते कोण?" तुले शिकवलं तेच चुकलं. माय उन्हातान्हात चौकशी करून राह्यली अन् पोरगी पुरावा मागते. शोधलं नाही म्हून सापडलं नाही, असं कुठं असते का? मंग माह्या घरात हत्तीबी हाये, कोणी शोधला नाही.

आता लग्नाचं सांगते, म्हणजे डोकं थंड होईन. शुक्रवारी माह्या मावसभावाच्या, शंकररावाच्या, नातवाचं लग्न होतं. चिखलीतल्या मंगल कार्यालयात. ऊन असं का टाळी वाजवली तं हात भाजन. पण तिथं यंदाच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तो मोठा कूलर काढलता, बंडीएवढा. त्याच्यासमोर मानाचे सोफे. तिथं वराकडचे ऐंशीतले भगवंतराव मधात, नवरीचा मामा एका बाजूले, व्याही दुसऱ्या बाजूले. ज्याले टोपी-उपरणं त्याले कूलर. आम्ही बाया मागं सतरंजीवर पदरानं वारा घेऊन राह्यल्या.

तुह्या बाबाले टोपी भेटली, पण सोफा नाही भेटला. मंग काय. मी ह्या घरचा जावई, म्हणे, अन् माही किंमत प्लास्टिकच्या खुर्चीची? रुसून चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसले. लग्नाचा टाईम निघून चाल्ला, भटजी घसा खाकरून राह्यला. शेवटी शंकरराव हात जोडत आला, "उकंडराव, चला, तुमच्याबिगर अक्षता पडत नाहीत." अन् भगवंतरावाच्या बाजूले, बरोबर कूलरच्या तोंडासमोर, नवा सोफा लावून बसवलं. चेहरा असा खुलला का नवरदेव फिका पडला. जेवणाच्या पंगतीलेबी उठले नाहीत, ताट तिथंच मागवलं. अंगावर बारीक बारीक तुषार उडत होते. मी पान द्याले गेली तं डबक्यासारखा वास आला. पण मानाच्या जागी वास कोण काढते.

घरी येऊन म्हणे, जनका, एसीत बसल्यावानी वाटलं. पोरगी रोज अशीच बसत असन.

आई


चिखली
१६ मे २००७

छकुले,

तुह्या बाबाची तब्येत चांगली हाये. थोडं ऊन लागलं, म्हून दाखवाले आणलं. हे पत्र मी दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहून राह्यली, पण त्याचा तू काही अर्थ काढू नको. सलाईन आजकाल सगळ्यांलेच लावतात.

उगाच एक विचारते. गोकुळले सुरुवातीले काय झालतं? ताप का खोकला? पोट बिघडलतं का? अन् तो उलटसुलट बोले का? तुहे बाबा काल मले वहिनी म्हणाले. दुपारी म्हणाले, माही टोपी कुठं हाये, भगवंतराव माह्या सोफ्यावर बसते.

हे असंच विचारलं. पत्र पोचाले आठवडा लागते हे मले माहीत हाये. म्हून आज अंजुमच्या दुकानातून फोन लावते. उचलजो.

मले भेव वाटून राह्यलं.

आई


अमडापूर
३० मे २००७

छकुले,

तुहे बाबा घरी आले. आज सकाळी चहा उशिरा देल्ला म्हून तोंड फिरवून बसले, म्हणजे बरे झाले. आता तुले सगळं सांगते. फोनवर मी रडली असं गोकुळनं तुले सांगतलं असन, पण लाईन खराब होती.

तू नव्हती, त्यानं उचलला. दोन वर्षांत पहिला शब्द. मी म्हटलं, मी जनकाबाई. तो म्हणे, "आई, सांगा." मी ताप, खोकला, बडबड, सगळं एका दमात सांगतलं. त्यानं एकच विचारलं, "बाबा कुठं कूलरसमोर बसलते का?" मी म्हटलं, बसलते, बरोबर तोंडासमोर.

मंग त्यानं त्याले तिकडं कोणतं औषध लागू पडलं ते सांगतलं. अंजुमनं मोबाईलवर त्याचं अन् डॉक्टरचं बोलणं करून देल्लं. डॉक्टर भला माणूस हाये. म्हणे साध्या निमोनियाच्या औषधानं उतार नाहीच पडून राह्यला, तं हे देऊन पाहू. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी मी पुन्हा जनका झाली.

पण भगवंतराव गेले. त्याच आठवड्यात. मी भेटाले गेली तं घरचे म्हणे पिकलं पान होतं, गळलं. मी विचारलं, झालतं काय? थोडा ताप, थोडी धाप, अन् म्हातारपण. मले बसवेना. सांत्वनाच्या निमित्तानं मी पुढच्या घरी गेली. नवरीचा मामा बुलढाण्याच्या दवाखान्यात, त्याले सांगतलं टायफॉइड. व्याही खाटल्यावर, छातीत कफ, त्याले म्हणे ऊन बाधलं. मंग मी सतरंजीवरच्या बायांकडं गेली. केसरबाई ठणठणीत. तानुबाईनं तं मले पाहून भजे तळले. प्लास्टिकच्या खुर्चीवरचे सगळे धडधाकट. ज्याले ज्याले मान भेटला, तो आडवा. ज्याले कोणी विचारलं नाही, तो वावरात. अन् तुहे बाबा तं भांडून मान घेतलेले.

इतक्या वर्षांत इतकी साफ चौकशी मले कधी साधली नव्हती, अन् मले तिचा आनंद झाला नाही.

शेवटचं घर राह्यलं होतं. मंगल कार्यालयात गेली, म्हटलं भाचीचं लग्न हाये, हॉल पाहाचा हाये. मॅनेजरनं खुर्ची देल्ली. मी पाणी मागितलं. तो आणाले गेला तशी कूलरच्या टाकीत हात घातला. खांद्यापर्यंत. गरम पाणी, बुडाशी बुळबुळीत थर, अन् त्यात मागच्या सालच्या लग्नातल्या गुलाबाच्या पाकळ्या. हात बाहेर काढला तं मॅनेजर ग्लास घेऊन उभा.

मी म्हटलं, ह्या पाण्यानं माणसं आजारी पडली, एक गेलं. तो म्हणे, "मावशी, आजपर्यंत आमच्याकडं एकही तक्रार नाही."

छकुले, हे वाक्य मी पारावर ऐकलं होतं. कळशी उतरवून त्या माणसाले झापलं होतं. अन् दुसऱ्याच दिवशी तुले लिहिलं होतं का आपल्याकडं नावबी नाही. मले कोणी चारचौघात थापड मारल्यावानी झालं.

मंग मी टाकीचं बूच काढलं. सगळं पाणी त्याच्या ऑफिसात गेलं. त्याच्या चपला दारापर्यंत वाहत आल्या. मी म्हटलं, आता आली ना तक्रार, लिहून घे. त्यानं कूलर घासून घेतला, असं अंजुम सांगते.

डॉक्टरलेबी विचारलं, हे तेच होतं का? तो म्हणे, "असू शकते, मावशी. पण ती तपासणी आपल्याकडं होत नाही. मी कागदावर निमोनियाच लिहितो." भगवंतरावाच्या कागदावर म्हातारपण. मामाच्या टायफॉइड. म्हणजे पुढच्या साली कोण्या अंजुमनं ती यादी उघडली तं आपलं नाव तसंच नसन. डाग नाही.

आई


अमडापूर
१२ जून २००७

छकुले,

कालपासून मी चौकशीचा निकाल लिहाले बसते अन् उठते. आता लिहूनच टाकते. स्पेनले जा.

माहा नियम माह्यावरच उलटला. ज्या घराबद्दल कोणी काही बोलत नाही तिथं पोरगी देऊ नये. मंग मी माही पोरगी, अन् तिचं दात येणारं लेकरू, त्या घरी कसं बोलवू? स्पेनवाले स्वतःची बदनामी स्वतः लिहून ठेवतात. कोणाच्या टाकीतून निघालं, किती पडले, किती गेले, सगळं जगासमोर मांडतात. ज्या घरात असं उघड बोलतात, तिथला रांजण कोणीतरी घासते. सिंगापूरवालेबी लिहितात, पण अंजुम म्हणे स्पेनात टाक्या तपासण्याचा कायदा हाये अन् तिथं पाणी समजणाऱ्या मिस्त्रीले काम हाये. गोकुळले आता पाणी समजते. किंमत मोजून समजलं हाये.

अंजुमच्या बाजूचा गाळा मी काल सोडला. मालक म्हणे, काऊन मावशी, पोरगी येऊन नाही राह्यली का? मी म्हटलं नाही, तिले चांगलं घर भेटलं. बोलली तं खरी, पण घरी येईपर्यंत एसटीत पदर डोळ्याले लावून बसली. शेजारची बाई म्हणे डोळे आले का. मी हो म्हटलं. मले लय वाईट वाटून राह्यलं, छकुले. तू इथं पाह्यजे होती. त्या दुकानाले मी मनात रंगबी देल्लता, पिवळा.

तुह्या बाबानं यंदाबी बीटीच आणली. पण एक पाकीट फाडलं का धुऊन, वाळवून मले देतात. सगळी पाकिटं, बिलासकट, माह्या लग्नाच्या शालूखाली पेटीत हायेत. तो बुटवाला पुन्हा येऊ दे, म्हणतात. अन् टोपी खुंटीले अडकवली, म्हणे मान ऐकूनच बरा, बसून नाही.

आता शेवटचं. सुलतानपूरचं मी रात्री पुन्हा आठवत बसलती. न्हावी, गिरणीवाला, मास्तर, शेजारीण. त्या पोराचं सगळं वाईट अख्ख्या गावानं एका दुपारी मले सांगून टाकलं. मागं झाकलेलं काही राह्यलंच नाही. अन् जे दुसरं स्थळ मी तुह्यासाठी पाह्यलं होतं, ज्याच्याबद्दल कोणी एक शब्द बोललं नव्हतं, त्याची बायको मागच्या महिन्यात माहेरी परत आली. माही चौकशी बरोबरच होती. निकाल लावाच्या वक्ती ऊन फार होतं, एवढंच.

उन्हाळ्यात येऊ नका. दिवाळीले या, तेव्हा कूलर माळ्यावर असतात. घरची पाण्याची टाकी मी आधीच घासून ठेवीन.

जावईबापूले नमस्कार सांग. म्हणा, पहिला पाट त्यांचाच. फक्त तो दारापाशी मांडीन, मोकळ्या हवेत.

तुही आई